आऊटबोर्ड लाव, पण मोटर सगळ्यात शेवटी घे

प्रिय बंड्या,

तुझ्या तिन्ही व्हॉइस नोट ऐकल्या, दुसरी तर दोनदा, कारण मागे वारा एवढा होता की फक्त "गेलं, सगळं गेलं" एवढंच कळत होतं. असो, समजलं. बोटीच्या इंजिनात पाणी शिरलं, ब्लॉक गेला, मेकॅनिक म्हणतोय नवीन इंजिन टाका नाहीतर सगळं उपसून आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगायची मोटर लावा, आणि तू आता रात्ररात्र मोटरींचे फोटो बघत बसलायस. फोनच केला असता पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहून पाठवतोय. निदान मधे तोडता तरी येणार नाही.

लावू का म्हणून विचारतोयस तर लाव. माझ्या बोटीला लावून दोन सीझन झाले आणि परत स्टर्नड्राइव्हकडे, म्हणजे तुझ्यासारख्या आत इंजिन आणि बाहेर प्रोपेलरचा पाय असलेल्या प्रकाराकडे, जायची इच्छा एकदाही झाली नाही. पण तू सुरुवात चुकीच्या टोकाने करतोयस. दीडशे का दोनशे हॉर्सपॉवर, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे बाबा. आधी तुझी ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत, मोटर पेलणार आहे का ते बघ. माझे या कामातले बरेचसे दिवस त्या भिंतीतच गेले, मोटर चढवायला एक दुपार पुरली.

स्टर्नड्राइव्हला उगाच शिव्या देऊ नकोस हं. १९५९ साली वोल्व्हो पेन्टाने ॲक्वामॅटिक बाजारात आणलं तेव्हा ती खरंच डोकेबाज गोष्ट होती, गाडीसारखं दणकट इंजिन आत झाकणाखाली, पाय मात्र बाहेर, वर उचलता येतो, वळवता येतो, आणि मागे पोहायला मोकळा प्लॅटफॉर्म. पण त्यासाठी भिंतीला मोठं भोक पाडावं लागतं आणि पाणी आत येऊ नये याची जबाबदारी रबराच्या घड्यांच्या नळ्यांवर टाकलेली असते. बेलोज रे. ते फाटले की आतले फिरते भाग, आधी गिंबल बेअरिंग पाण्यात, मग यू-जॉइंट, आणि लक्ष नसेल तर बोटच. वरून खाऱ्या पाण्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे लोखंडी भाग, आतून कुजतात, बाहेरून रंग छान असतो, आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये. तुझं हेच झालं असणार, पैज लाव.

आता हातोडी घे. साधी, प्लास्टिकच्या डोक्याची असली तर उत्तम. ट्रान्समवर आतून बाहेरून दर चार बोटांवर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, हातोडी उडते. कुजलेल्या जागी थप्प असा मेलेला आवाज येतो. ड्राइव्हच्या भोकाच्या खालची कड आणि जिथे जिथे स्क्रू गेलेत तिथे जास्त ठोक, पाणी तिथूनच शिरतं. शंका आली की आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून बघ. माझ्याकडे वरच्या दोन भोकांतून कोरडा फिकट भुसा आला, मी खूश, आणि तिसऱ्यातून काळा ओला लगदा बाहेर आला, ड्रिलला चिकटला, वास असा की बंद पडलेल्या विहिरीत तोंड घातल्यासारखा. त्या क्षणी माझं 'भोक बुजवू आणि मोटर टांगू' हे प्लॅनिंग संपलं. आतली फायबरची कातडी कापली, मधलं सगळं प्लायवूड खरवडून काढलं, नवीन कोर, म्हणजे मधला थर, घातला.

तुझं लाकूड कोरडं निघालं तर तू नशीबवान, मग फक्त भोक बुजवायचं. पण तेही प्लग ठोकला आणि वर पुट्टी फासली असं नाही. भोकाच्या कडा ग्राइंडरने लांब उतरत्या कराव्या लागतात, जाडीच्या निदान आठपट, बारापट मिळाली तर अजून छान, म्हणजे नवीन फायबर जुन्याला रुंद पट्ट्यात धरतं. राळ इपॉक्सीच वापर, जुन्या फायबरवर पॉलिएस्टरपेक्षा तिची पकड फार चांगली. आणि ग्राइंडिंगच्या दिवशी मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी बाह्या दुमडून केलं होतं, पुढे तीन दिवस कोपरापर्यंत खाजवत होतो आणि घरातले हसत होते.

मग वजनाचं. सगळे म्हणतात आऊटबोर्ड हलकं, बोट हलकी होईल, आणि तेही अर्धंच खरं आहे. व्ही-सिक्स इंजिन आणि ड्राइव्ह मिळून ४०० किलोच्या आसपास धर, आणि २०० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर २२५ किलोच्या आसपास. पण जुन्या इंजिनाचा भार ट्रान्समच्या आत साधारण ६० सेंटिमीटरवर होता, आणि ब्रॅकेट, म्हणजे मोटर टांगायला ट्रान्समच्या मागे बाहेर बसवायची चौकट, लावलास तर नव्या मोटरचा भार ट्रान्समच्या बाहेर ७५ सेंटिमीटरवर लटकणार. बोट सीसॉसारखी ज्या बिंदूभोवती पुढे-मागे झुकते तो ट्रान्समपासून २.४ मीटरवर धरला तर आधी ४०० गुणिले १.८ म्हणजे ७२०, आता २२५ गुणिले ३.१५ म्हणजे ७०९. बघ, वजन जवळजवळ अर्धं झालं आणि बूड तेवढंच दबलेलं! तुझे आकडे वेगळे येतील, टेप घेऊन मोज. मी तर इंजिन काढल्यावर पोहायच्या प्लॅटफॉर्मवर २० लिटरचे पाण्याने भरलेले कॅन ओळीने ठेवले, एकेक २० किलो, आणि बोट पाण्यात सोडून बघितलं की कॉकपिटची पाणी जायची भोकं पाण्याच्या वर राहतात का खाली. खाली गेली. मग दोन्ही बॅटऱ्या पुढे सीटखाली हलवल्या आणि बंद पेटीसारखा, स्वतः तरंगणारा ब्रॅकेट निवडला, तेव्हा जमलं.

दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्सम वरून कापून मोटर थेट भिंतीवर बसवायची. त्यात भार बाहेर कमी लटकतो हे खरं, पण भिंत खुजी होते आणि मागून लाट आली तर थेट आत, मग आत वेगळी हौदासारखी जागा बांधा, तिला पाणी जायला भोकं ठेवा. मला ती कापाकापी नको होती. आणि पोहायचा मोठा प्लॅटफॉर्म दोन्ही प्रकारात जातोच, ते वहिनीला आधीच सांगून ठेव, नंतर माझं नाव नको.

शाफ्टची लांबी नीट मोज. जिथे मोटर टांगणार तिथून बोटीच्या तळापर्यंतचं उभं अंतर. मोटरी साधारण २०, २५, ३० इंचांत येतात, चुकीची आणलीस तर उपाय नाही. प्रोपेलरच्या वरची ती आडवी प्लेट असते ना, ती तळाच्या रेषेत हवी, आणि ब्रॅकेटमुळे मोटर मागे गेली की दर फुटामागे साधारण इंचभर वर. मागे गेलेलं पाणी थोडं वर उठतं म्हणून. मी घाबरून खाली बसवली होती, तर पाण्याचे फवारे थेट पाठीवर आणि बोट ओढल्यासारखी चालायची. एक भोक वर घेतली, तेवढ्याने ती पार बदलली. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं कायमचं चिकटवून टाकू नकोस. बोल्ट मात्र स्टेनलेसचे, भिंतीच्या आरपार, आणि आतून जाड ॲल्युमिनियमची रुंद पट्टी. नुसते वॉशर तिथे चालत नाहीत, लाकडात रुततात.

स्टीअरिंग, गिअर-थ्रॉटल, मीटर हे बहुतेक सगळं नवीन लागेल. या ताकदीच्या मोटरला हायड्रॉलिक स्टीअरिंगच घे, तिथे पैसे वाचवू नकोस.

इंधनाचं मात्र माझ्याकडून ऐक, कारण तिथे मी माती खाल्ली. नवीन पाइप, पाइपावरचा हाताने दाबायच्या पंपाचा नवीन फुगा, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, सगळं लावलं, आणि मोटर ४००० आरपीएमच्या वर गेली की गुदमरायची. फुगा चपटा पडायचा. मी आठवडाभर नव्या मोटरला दोष देत फिरलो, डीलरशी भांडलो, आणि दोष निघाला जुन्या टाकीच्या तोंडावरच्या अँटी-सायफन व्हॉल्व्हचा, पाइप फुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ नये म्हणून असतो तो. करंगळीच्या पेराएवढा पितळी तुकडा, आतली गोळी गंजून अर्धी अडकलेली. नवीन बसवला आणि विषय संपला. डीलरला सॉरी म्हणायला अजून गेलो नाही. तू टाकी तीच ठेवणार असशील तर तो आधीच बदल. आणि टाकी आत बंद जागेत राहणार असेल तर ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, काढून टाकू नकोस, इंजिन गेलं तरी पेट्रोलची वाफ तिथेच आहे.

प्रोपेलर पहिल्या फटक्यात बरोबर येणार नाही हे धरूनच चाल. माझ्या मोटरची पूर्ण थ्रॉटलची रेंज ५००० ते ६०००, आणि १९ पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर हिशोबाने जितके इंच पुढे सरकतो ते) लावला तर जेमतेम ५००० यायचे. १७ चा लावला, ५४०० आले. एक इंच पिचमागे दोनशेच्या आसपास फरक पडतो असा माझा हिशोब.

आता मला काय आवडतं ते सांगू? बोट बांधली की बटण दाबायचं आणि पूर्ण पाय पाण्याबाहेर. बस्स. खाली काही कुजत नाही, शेवाळ नाही, रात्री पाऊस पडला तर मी बेलोजचा विचार करत जागा राहत नाही. जिथे इंजिन होतं तिथे आता दोऱ्या, जॅकेटं आणि नांगर आहे, आणि बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, एवढी कोरडी असते की परवा तिथे धूळ झाडली, बोटीत धूळ! वेग घेऊन पाण्यावर उठताना मात्र बोट तोंड थोडं जास्त वर करते, ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या कडेला खाली लावायच्या झुकत्या पट्ट्या, लावल्यावर कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

तर हातोडी, मग टेप, मग कॅन. ठोकलेल्या जागांवर खडूने खुणा करून फोटो पाठव, मी बघून सांगतो किती कापायचं. राळ भरायच्या दिवशी मी येतो, ते एकट्याचं काम नाही, मिसळली की ती कोणासाठी थांबत नाही.

तुझा,
नाना

ता. क. जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नकोस. तुझ्यासारखेच अडकलेले लोक ते पार्ट शोधत असतात. आणि काम सुरू करायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना विचारून घे, बोटीच्या क्षमतेच्या पाटीवर किती हॉर्सपॉवर लिहिलेत तेही बघ, त्याच्या वरची मोटर मी तुला लावू देणार नाही.