अस्वलाच्या पोशाखात जे कोणी होतं, त्यांना सांगलीहून पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही बाई आहात की पुरुष, तेही माहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीतल्या शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास करमणुकीच्या पार्कातल्या, मुलांनी पात्रांना भेटायच्या त्या नव्या लाकडी घरात तपकिरी अस्वलाच्या पोशाखात जे कोणी उभं होतं, त्यांना हे पत्र आहे. पार्काच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर कुठल्या टेबलावर पडून राहिलं असतं कोण जाणे. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीचं कोणी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल एवढी आशा आहे.

ओळख पटावी म्हणून सांगते. आठ वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, दोन्ही कानांमागे ऐकण्याचं मशीन. बरोबर मी, तिचे वडील आणि नऊवारीतल्या माझ्या सासूबाई. आता आठवलं असेल.

आम्ही दोन वर्षांपूर्वीही तुमच्या पार्कात आलो होतो. तेव्हा हे घर नव्हतं. गेटातून आत आलं की मोकळ्या चौकात पात्रं उभी असायची आणि त्यांच्याभोवती जत्रेतल्यासारखी रेटारेटी. वर खांबाला स्पीकर, त्यावर गाणी, मधूनच सूचना. ज्यांना ऐकू येतं त्यांना एवढ्या गोंधळातही आपल्या कामाचं तेवढं निवडून ऐकता येतं. मशीनला ते जमत नाही. गाणं, शिट्ट्या, कुणाचं तरी रडणारं बाळ, सगळं सारखंच मोठं होऊन कानात येतं. लेकीने दोन्ही मशीन काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभी राहिली. मागच्या एका गृहस्थांनी तिला दोनदा ‘पुढे हो’ म्हटलं, तिला कळलं नाही, मग त्यांनी खांद्याला धरून बाजूला केलं. आम्ही फोटो न काढताच निघालो. पेठ नाका येईपर्यंत ती कुणाशी काही बोलली नाही. ती बोलते हातांनी, म्हणजे तिने हात मांडीवरून उचललेच नाहीत.

म्हणून या वेळी त्या घराच्या रांगेत उभं राहायला मी तयार नव्हते. तीच हट्टाला पेटली.

आत शिरल्यावर मात्र मला पहिल्यांदा जाणवलं ते तिथलं शांतपण. स्पीकर नाही. लाकडी भिंती, खाली जाड सतरंजी, त्यामुळे बाहेरचा गलका दाराशीच थांबत होता. एका वेळी एकच कुटुंब आत. मुलांच्या उंचीची फळी, तिच्यावर मधाच्या रिकाम्या बरण्या, एक झारा, उघडं पडलेलं चित्रांचं पुस्तक. उजेड समोरून, खिडकीतून आल्यासारखा, तोंडावर पडणारा. घर बांधणाऱ्यांनी हा विचार फोटोसाठी केला असेल. पण जी मुलं डोळ्यांनी ऐकतात त्यांच्यासाठी समोरच्यावर नीट उजेड असणं म्हणजे काय असतं, ते तिच्या आईला विचारा. अंधाऱ्या खोलीत आमच्या घरात गप्पाच होऊ शकत नाहीत.

दारावर ज्या ताई होत्या, त्यांचेही आभार इथेच मानते. रांगेत बोलता बोलता कळलं की त्या विट्याकडच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांनी लेकीच्या कानामागचं मशीन पाहिलं आणि ‘हिला बोलता येत नाही का?’ असं मला विचारलं नाही. बहुतेक सगळे मलाच विचारतात, ती शेजारी उभी असताना. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, दाराकडे बोट दाखवलं, दोन हातांनी मोठ्ठं पोट करून दाखवलं आणि ‘जायचं?’ असं डोळ्यांनी विचारलं. मग आत जाऊन त्यांनी तुमच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. ते मी पाहिलं. तुम्ही मान डोलावलीत.

आता पुढचं सांगते. ते तुम्ही आतून, बहुधा तोंडाच्या जाळीतून पाहिलं असेल. बाहेरून कसं दिसलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

तुम्ही पुढे आला नाहीत. जागेवरच गुडघे टेकलेत आणि दोन्ही पंजे उघडे करून मांडीवर ठेवलेत. ती दारात थांबली. मला वाटलं, आता ओढणी धरणार. ती तुमच्याकडे बघत राहिली आणि तुम्ही नुसते थांबलात. बाहेर एवढी रांग असताना तुम्हाला घाई नव्हती. मग ती चालत आली आणि तिने तुम्हाला आपलं नाव सांगितलं.

तिच्या शाळेत प्रत्येकाची एक खूण असते. कागदावरचं नाव वेगळं, हाताचं नाव वेगळं. तिच्या उजव्या गालावर खळी पडते, तिथे बोट टेकवून फिरवायचं, हे तिचं नाव. तिने ते केलं. तुमच्या हातमोज्याला चारच बोटं, तीही कोवळ्या काकडीएवढी जाड. एक बोट सुटं करणं शक्यच नव्हतं. तुम्ही अख्खा पंजा गालावर ठेवलात. तिने जोरात मान हलवली, चूक. मग तिने तुमचा पंजा दोन्ही हातांत धरला, त्यातला अंगठा शोधून काढला, तुमच्या गालाच्या फरवर टेकवला आणि गोल फिरवला. पंजा सोडून एक पाऊल मागे सरकली. वर्गात बाई मागे सरकून बघतात तशी. आणि तुम्ही एकट्याने ते करून दाखवलंत. बरोबर त्याच जागी.

ती हसली. तिचं हसू मोठं असतं. त्याचा आवाज तिला स्वतःला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तो कुठे थांबवायचा ते तिला कळत नाही. बसमध्ये, लग्नकार्यात लोक वळून बघतात, आणि ते बघणं तिला कळतं. तिथे कोणी वळलं नाही. तुम्ही पोट धरून तिच्याबरोबर हललात.

खुणांच्या भाषेत नुसते हात पुरत नाहीत. अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. प्रश्न विचारायचा तर तो भुवयांनी आणि डोळ्यांनीही विचारावा लागतो. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र सुरू झालं, त्यांचा 10,000 शब्दांचा कोश 2021 मध्ये आला. मी त्यातले व्हिडिओ बघून शिकते आणि दर वेळी माझा हात बरोबर नि चेहरा कोरा राहतो. लेक मला रागावते. तुमच्या अस्वलाचा चेहरा तर एकाच हसण्यात शिवून टाकलेला. भुवया हलत नाहीत, ओठ हलत नाहीत. तरी तुम्ही तिला विचारलंत, ‘ही कोण?’ माझ्याकडे पंजा करून, खांदे उचलून, मान कलती करून. भुवयांचं काम तुम्ही मानेकडून करून घेतलंत. तिला एका क्षणात कळलं. तिने ‘आई’ सांगितलं. मग ‘बाबा’. मग आजी. तिघांची ओळख तिने करून दिली. नेहमी आम्ही तिची करून देतो.

मी शिवणकाम करते. सांगलीतल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पोशाख गेली बारा वर्षं माझ्याकडे असतात. ससे, मावळे, झाडं, सगळं शिवलंय. म्हणून तुमच्याकडे बघताना माझा एक डोळा पोशाखावर होता. फरच्या कापडाला कल असतो, केस खाली झुकतील असंच बेतावं लागतं. कात्रीने सरळ कापलं तर केसही कापले जातात आणि शिवण उघडी पडते, म्हणून पाठीकडून ब्लेडने नुसतं कापड कापायचं. तुमच्या पोशाखाची एकही शिवण मला सापडली नाही. ज्यांनी शिवलाय त्यांना माझा नमस्कार. पण जवळून एक दिसलं. मान आणि धड जिथे मिळतं तिथली फर ओली होऊन चिकटली होती, आणि छाती भराभर वरखाली होत होती. मागे मी एका मुलाला अस्वल शिवून दिलं होतं. पाच मिनिटांच्या नाचानंतर त्याने डोकं काढलं तेव्हा तो उकडलेल्या बिटासारखा लाल झाला होता. आत स्पंज, वर फर, वारा यायला फक्त तोंडाची जाळी. तुम्ही त्या दुपारी कितवं कुटुंब भेटत होतात मला ठाऊक नाही. आम्ही बाहेर पडल्या पडल्या ताईंनी ‘अस्वल मध खायला गेलंय’ ही पाटी लावली. म्हणजे आमची पाळी तुमच्या विश्रांतीच्या आधीची शेवटची होती. जेव्हा कुणीही पटकन आटपलं असतं, तेव्हा तुम्ही अंगठा फिरवायला शिकत होतात.

असले पोशाख शिवते म्हणून त्यांच्याबद्दल काही वाचायला मिळालं की मी सोडत नाही. अमेरिकेत 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा सुरुवातीचे पात्रांचे पोशाख बर्फावरच्या स्केटिंगच्या एका शोमधून मागून आणलेले होते. पात्रांना भेटायला स्वतंत्र घरं वगैरे पुढची गोष्ट. सासूबाईंना हे मी गाडीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आपल्या सांगलीला काय नवं सांगतेस.” खरंच आहे. इथे 1843 साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या खेळांत सोंडेचा गणपती यायचा, मोरावरची सरस्वती यायची. दर 5 नोव्हेंबरला आम्ही त्याची आठवण काढतो. सासूबाईंच्या लहानपणी गावच्या जत्रेत सोंगं निघायची. सोंग दारात आलं की त्यांची आई त्याच्या पाया पडायची. आतला माणूस कोण, शेजारच्या गल्लीतला आहे हे ठाऊक असलं तरी. तुम्हाला आठवत असेल, निघताना सासूबाईंनी तुम्हाला हात जोडले. ती थट्टा नव्हती. आणि तुम्हीही दोन्ही पंजे जोडून वाकलात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नाव देण्याची गोष्ट राहिली. खुणेचं नाव स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. ज्यांची ती भाषा आहे, त्यांनी द्यायचं असतं. मला माझं नाव मिळायला शाळेतल्या मुलांकडून वर्ष लागलं होतं. तुमच्या अस्वलाचा डावा कान जरा पडलेला आहे, दिवसभर पोरं गळ्यात पडतात म्हणून आतली तार वाकली असणार. लेकीने मूठ डोक्याच्या डाव्या बाजूला धरली आणि मनगटातून अलगद खाली पाडली. एकदा तुमच्याकडे बोट, एकदा ती खूण. तुम्हाला कळलं का, हे मला नक्की सांगता येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते: ते तुमचं नाव आहे. तुम्ही पंजा कानाशी नेलात आणि तसाच पाडलात, पण तुम्ही नुसती नक्कल केलीत की घेतलंत, ते तुम्हालाच माहीत. आमच्या घरात आता तुम्ही त्याच नावाने ओळखले जाता. शाळेतही. तिच्या वर्गातल्या अकरा मुलांना ते येतं.

एक विनंती आहे, ती तुमच्या साहेबांपर्यंत पोचवता आली तर बघा. राईडवरच्या सगळ्या सूचना अजून भोंग्यावरूनच देतात. पट्टा कधी लावायचा, हात कुठे ठेवायचे, हे चित्रांची पाटी लावून सांगितलं तर माझ्या लेकीसारख्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही. आणि त्या घराच्या रांगेत सावली हवी. आम्ही चाळीस मिनिटं उन्हात होतो, सासूबाईंना ताईंनी आपली खुर्ची दिली म्हणून निभावलं. बाकी घराला नाव ठेवायला जागा नाही. तिथे स्पीकर मात्र कधी लावू नका, एवढं माझं ऐका.

तुम्ही कधी सांगलीकडे आलात तर घरी या. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत कामाला आहेत, घराला बारा महिने हळदीचा वास असतो, तो चालणार असेल तर भडंग आणि चहा पक्का. तुम्ही कोण हे तोंडाने सांगायची गरज पडणार नाही. दारात डावा हात कानाशी नेलात तरी पुरे.

येत्या डिसेंबरच्या स्नेहसंमेलनासाठी एका शाळेने माझ्याकडे अस्वल सांगितलंय. परवा डोकं बेतून झालं, कान लावायला घेतले. लेक शिलाई मशीनशेजारी बसून बघत होती. मी उजवा कान लावला, मग डावा धरला, तार सरळ केली आणि टाचण्या टोचल्या. मी सुई लावायच्या आत तिने टाचण्या एकेक करून काढल्या, तार बोटाने वाकवली आणि कान पुन्हा माझ्या हातात दिला.

आपली नम्र,
गालावर बोट फिरवणारीची आई
सांगली