विषय: एआय ट्रायजने परस्पर बंद केलेला अलर्ट आणि तुमच्या सपोर्टची उत्तरं

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवलाय. तिकीट तुमच्याकडे आहेच, निदान तुम्ही तरी ते पूर्ण वाचा.

आम्ही एका सहकारी बँकेचं एसओसी, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारं केंद्र, सांभाळतो. मागच्या अपडेटनंतर तुमचं ते अलर्टची छाननी करणारं एक्सपेरिमेंटल एआय ट्रायज आमच्याकडे आपोआप चालू झालं, आम्हाला कोणी विचारलं नाही. रात्रपाळीत एका सर्व्हरवर एकाच बाहेरच्या आयपीवरून विंडोज लॉगमधल्या ४६२५ म्हणजे फेल लॉगिनची रांग लागली आणि तिच्या मागोमाग ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन आला, लॉगिन टाइप १०. म्हणजे पासवर्ड सापडला आणि कोणीतरी आरडीपीने (दुरून मशीन चालवायची सोय) आत आलं, हे आमच्याकडे नवीन लागलेला एल-वनचा म्हणजे पहिल्या पातळीचा पोरगा पण सांगेल. तुमच्या एआयची समरी: यशस्वी लॉगिन आढळलं नाही, फॉल्स पॉझिटिव्ह म्हणजे खोटा इशारा, कॉन्फिडन्स हाय, अलर्ट क्लोज. अहो, तो ४६२४ त्याच अलर्टला जोडलेला होता! सकाळच्या शिफ्टमधल्या मुलीने कच्चे लॉग चाळले म्हणून कळलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि इथे तर ती लक्षातच येऊ नये अशी सोय तुम्ही केलीत.

आणि तुमचा माणूस मला विचारतो, "सर, समरीखाली थम्स डाऊन दाबलं का?" मी म्हटलं, अलर्ट बंद झालाय, बंद अलर्ट रात्री कोण उघडून बघतो, अंगठा दाबणार कोण? तर म्हणे प्रॉम्प्ट बदलून बघा. अहो कसला प्रॉम्प्ट, ट्रायज स्वतःहून चालतं, तिथे आम्हाला काही टाइप करायची जागाच नाही, आणि हे तुमच्या माणसाला मी सांगायचं? मग शांतपणे म्हणतो, "ते एक्सपेरिमेंटल आहे सर, त्यावर अवलंबून राहू नका असं डॉक्युमेंटमध्ये आहे." अवलंबून राहायचं नाही तर त्याला अलर्ट बंद करायचे अधिकार दिले कोणी? समरी लिहू दे, सुचवू दे, पण बंद करायचं काम ॲनालिस्टचं आहे. ऑडिट लॉगमध्ये बंद करणाऱ्याचं नाव नुसतं 'सिस्टम', कुठले लॉग बघून ठरवलं त्याचा पत्ता नाही. आणि परत सांगतो, आम्ही हे चालू केलेलंच नव्हतं.

अजून एक, युजर एजंट, युजरनेम असल्या फील्डमध्ये काय लिहायचं हे हल्लेखोराच्या हातात असतं आणि तुमचं मॉडेल तेच वाचतं. ओवास्प या सुरक्षा संस्थेच्या एलएलएम म्हणजे भाषा मॉडेलांच्या धोक्यांच्या यादीत प्रॉम्प्ट इंजेक्शन, म्हणजे मजकुरात लपवलेल्या सूचनांनी मॉडेलला फसवणं, पहिल्या नंबरवर आहे. त्यावर काय केलंय विचारलं तर "प्रॉडक्ट टीमला विचारतो", त्यानंतर शांतता.

आम्हीच ओळखीच्या बँकांना तुमचं नाव सुचवलं होतं, याचं फार वाईट वाटतंय. आता त्यांना फोन करून ते फीचर बंद करायला सांगतोय. आमच्याकडे ते चालू झाल्यापासून एआयने बंद केलेल्या प्रत्येक अलर्टची यादी आणि लेखी आरसीए म्हणजे मूळ कारणाचा अहवाल या आठवड्यात पाठवा. नाही आलं तर हे सगळं बँकेच्या ऑडिट कमिटीपुढे ठेवणार आणि रिन्यूअल विसरा.