आधी टेम्पो, मग स्कूटर, गाडी शेवटी

स्टाव्हांगर, नॉर्वे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असं तू विचारलंस. घ्यावी, पण सुरुवात गाडीपासून करू नकोस. परदेशी तेल कमी जाळायचं असेल तर कुठलं वाहन किती लिटर पितं ते आधी बघायला हवं. तुझा मालाचा टेम्पो नाशिकमधलं अंबड, सिन्नर आणि गावातलं वाटप धरून दिवसाला ७० किलोमीटर धावतो. लिटरला १८ चं ॲव्हरेज धरलं तर रोज चारेक लिटर डिझेल, म्हणजे ३०० दिवसांत साडेअकराशे लिटरच्या पुढे. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर फिरते, तिला ५०० लिटर पेट्रोल लागतं. वहिनींच्या स्कूटरला जेमतेम दीडशे. म्हणून माझा क्रम असा: आधी टेम्पो, मग स्कूटर (कारण ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त), आणि गाडी तिचं आयुष्य संपल्यावर.

देशाचं गणितही असंच आहे. आपण वापरतो त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, आणि पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल खपतं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून नाशिककडे येणारे टँकर खरोखर कमी व्हायचे असतील तर कांदा-द्राक्षं वाहणाऱ्या आणि एमआयडीसीत फिरणाऱ्या गाड्या बदलायला हव्यात. सीएनजीचा टेम्पो घेऊन हा प्रश्न सुटत नाही. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा जहाजातूनच येतो.

'बॅटरी चीनची, मग स्वावलंबन कसलं?' हा बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. सेल बहुतांशी तिकडूनच येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरमधल्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली तेव्हा आपल्याकडच्या कारखान्यांची धावपळ झालीच. पण तेल रोज जळतं, रोज नवं लागतं. बॅटरी एकदा घेतली की आठ-दहा वर्षं चालते. उद्या सेल यायचे थांबले तर नव्या गाड्या अडतील, रस्त्यावरच्या धावत राहतील. आखातातलं तेल ज्या समुद्रवाटेने येतं ती होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर मात्र काही आठवड्यांत सगळ्यांनाच झळ बसेल. वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, धूर एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात निघतो, हे मान्य. पण तो कोळसा बहुतेक देशातलाच आहे, आणि छपरावर सोलर बसवलं की तेवढा भागही आपला होतो. १ किलोवॉटच्या पॅनेलमागे दिवसाला साधारण ४ युनिट धर.

इथे २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि हा देश स्वतः तेल विकतो. त्यासाठी २००१ पासून या गाड्यांवर व्हॅट माफ होता. तेवढी सवलत आपल्याकडे नाही, तरी जीएसटी ५ टक्केच आहे. इथली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: घरातल्या साध्या सॉकेटवर रोज गाडी चार्ज करू नये असं सांगतात, नव्या चार्जिंगसाठी वेगळी लाइन टाकायला लावतात.

या लाइनबद्दल सविस्तर लिहितो, कारण बिघाड बहुतेक वेळा इथेच होतात. लहान इलेक्ट्रिक टेम्पोची बॅटरी २० युनिटच्या आसपास असते. भरलेल्या टेम्पोला ७० किलोमीटरला १२-१३ युनिट लागतील, म्हणजे तिसरा हिस्सा शिल्लक राहील. कंपनी १५० किलोमीटर सांगत असेल तर माल भरून १०० च धर. १५ अँपिअरच्या चार्जरवर रिकामी बॅटरी भरायला सहा-सात तास जातात, त्यामुळे गोदामात रात्रीचं चार्जिंग पुरतं. त्यासाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लाव. आरसीसीबी टाइप ए चाच माग, साधा एसी टाइप नको. सॉकेट निळं इंडस्ट्रियल घे. गिझरचं १५ अँपिअरचं सॉकेट तासाभरासाठी बनवलेलं असतं. सहा तास सलग करंट गेला की आतली पितळी पकड सैल होते, सैल झाली की तापते, तापली की आणखी सैल होते. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या भागावर हात ठेवून बघ. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद कर आणि वायरिंगचे स्क्रू तपासून घे.

अर्थिंग त्याहून महत्त्वाचं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरवर २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. नाशिकच्या एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थचा रोध वाढतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. खड्ड्यात पाणी घातलं की बहुतेक वेळा चालू होतो. काही वायरमन अशा वेळी सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला लूप मारून देतात. चार्जर चालू होतो, पण कधी न्यूट्रल तुटली तर टेम्पोच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात. असं कुणी सुचवलं तर त्याच्याकडून काम करून घेऊ नकोस.

स्कूटरला महिन्याला १८-२० युनिट लागतील, ती घरच्या मीटरवर खपून जातील. गाडीला शंभरच्या पुढे लागतात. घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, त्यामुळे ती वरच्या टप्प्यात मोजली जातील. गाडी घेशील तेव्हा महावितरणच्या वाहन चार्जिंगच्या वेगळ्या दराने दुसरा मीटर परवडतो का ते बघ. ७ किलोवॉटचा चार्जर बसवलास तर मंजूर भार वाढवावा लागेल, वायर ६ चौरस मिलिमीटरची, आणि पार्किंग लांब असेल तर १० ची.

मुंबईच्या वाटेचं एवढंच: नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेच्या आसपास मीटरवर आहे, त्यामुळे परत येताना दीड टनाच्या गाडीला नुसत्या चढाचेच अडीच-तीन युनिट जास्त लागतात. कसाऱ्याला पोचताना उरलेल्या अंतराला लागणाऱ्या विजेवर चढापुरती जास्तीची शिल्लक ठेवायची. आणि जाताना इगतपुरीत १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज साठत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो.

टेम्पो घेताना बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची) आहे का ते विचार. असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भर, नाहीतर टक्केवारी चुकीची दिसायला लागते आणि सिन्नरच्या रस्त्यात ऐनवेळी चार्ज संपतो. वॉरंटीत क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून देणार, हे कागदावर लिहून घे. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

गोदामाच्या वीजबिलाचा आणि मीटर बोर्डाचा फोटो पाठव. मंजूर भार आणि बोर्डापासून टेम्पोपर्यंतचं अंतर कळलं की वायरची नेमकी जाडी काढून देतो.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा