साक्षरता वर्गात अर्ज लिहायला शिकवू द्या : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी उल्लासच्या, म्हणजे मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवण्याच्या सरकारी योजनेच्या, वर्गावर स्वयंसेवक म्हणून शिकवते. मानधन मिळत नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाहीये. झालं असं की वर्गातल्या एक मावशी रेशनची पावती घेऊन आल्या, माणशी ५ किलो, घरात ६ माणसं, म्हणजे ३० किलो, आणि पिशवीत भरलं २६, आकडे वाचता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम कुठलं केलं तर हे. मग काय, आख्खा तास तक्रार अर्जातच गेला, 'प्रति' च्या खाली कोणाला लिहायचं, तारीख कुठे टाकायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच कशी घ्यायची. त्यावर मला वरून ऐकवलं गेलं की पुस्तकाबाहेरचं कशाला शिकवता, अ‍ॅपवर नोंदणी किती झाली ते सांगा.

आता मला सांगा, १८५५ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती काय नुसती सही गिरवायला? सावकाराच्या कागदावर अंगठा देऊन जमिनी जायच्या तो काळ होता.

आणि लांबचं कशाला, आंध्रातलं नेल्लोर घ्या. १९९० च्या सुमाराला तिथे सरकारनेच साक्षरता मोहीम काढली, संध्याकाळच्या वर्गात धड्यावरून विषय निघायचा आणि बायका आपल्या घरातलं बोलायला लागायच्या, मजुरी कुठे जाते, तर दारूत. दुबगुंटा गावच्या बायकांनी गावातली दारू बंद पाडली, मग गावोगाव तेच, दारूच्या ठेक्यांचे लिलाव होऊ देईनात, आणि १९९३ मध्ये सरकारला राज्यभर अरक, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद करावी लागली. पुढे १९९५ मध्ये आलेली पूर्ण दारूबंदी दोन वर्षांत उठली, ते राजकारण वेगळं. पण सुरुवात वर्गात झाली ना! आपल्याकडेही उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (बंद करा) अशा मतदानाने दारूची दुकानं बंद होतात, पण त्याचा अर्ज कसा करायचा, सह्या कशा गोळा करायच्या हे बायकांना शिकवतं कोण?

उल्लासची परीक्षा १५० मार्कांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. असू दे, परीक्षेला विरोध नाही. पण पास झाल्यावर पुढे काय, वर्ग बंद, आणि सहा महिन्यांनी बाई परत अंगठ्यावर.

म्हणून एवढंच करा. रेशन, रोजगार हमी, सातबारा, माहिती अधिकार यांचे अर्ज वर्गात भरून घेणं हा अभ्यासाचाच भाग आहे असं परिपत्रक काढा. पास झालेल्यांचा वर्ग निदान वर्षभर चालू ठेवा आणि संध्याकाळी झेडपीच्या शाळेची एक खोली, लाइटसकट, द्या, आत्ता आम्ही देवळाच्या ओट्यावर बसतो. आणि अर्ज लिहायला शिकवलं म्हणून कुठल्या स्वयंसेवकाला झापलं जाणार नाही, हे त्या परिपत्रकातच लिहा, तोंडी नको.

आपली,
उल्लास वर्गावरची एक स्वयंसेविका