एकाच शुभेच्छापत्राचे तीन भाव

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू फार चिडला होतास. ओवीने काढलेला आकाशकंदील, तीच फाइल, तीच १२० शुभेच्छापत्रं. आणि एकाने नगाला २४ रुपये सांगितले, दुसऱ्याने ४२, तिसऱ्याने ६८. "सरळसरळ लूट आहे," म्हणालास. बाबांच्या छापखान्यात लहानाचा मोठा झालोय रे मी, तो शब्द लागला. म्हणून सविस्तर लिहितोय.

तिन्ही कोटेशनं मी नीट वाचली. फाइल एकच असली तरी तिघांनी तीन वेगळी कामं धरली आहेत.

६८ वाल्याने 'शुभ दीपावली' सोनेरी फॉइलमध्ये धरलंय. त्यासाठी त्या अक्षरांचा धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागतो, मग तापलेल्या ब्लॉकखाली एकेक कार्ड दाबायचं. ब्लॉकचा खर्च १२० कार्डांना जेवढा, तेवढाच १,२०० ना. ऑफसेटचंही, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईचंही, तसंच: चार रंगांच्या चार प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद. समजा यात ३,००० रुपये गेले, तर १२० कार्डांत नगामागे २५ रुपये पडतात, हजारांत ३. म्हणून वहिनीच्या माहेरच्या लग्नपत्रिकेचा भाव इथे लावू नकोस. तुझं काम डिजिटलवरच व्हायला हवं. तिथे प्लेट नाही, जेवढे कागद छापले तेवढ्याचे पैसे.

२४ वाला बऱ्याच गिऱ्हाइकांची कामं एका मोठ्या कागदावर बसवून छापतो. प्लेटांचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, म्हणून स्वस्त पडतं. यात फसवणूक काही नाही. पण रंग त्या अख्ख्या कागदाला धरून लावतात. ओवीचा केशरी जरा लालसर उतरला, तर तेवढ्यासाठी मशीन कुणी थांबवणार नाही. शिवाय त्याच्या कोटेशनमध्ये क्रीझिंग, म्हणजे दुमडण्याआधी घडीची रेघ दाबून घेणं, कुठेच लिहिलेलं नाही. मला खटकलं ते हे.

भाच्याच्या मुंजीला मीही सगळ्यात कमी भाव बघूनच बाहेर काम दिलं होतं. गडद जांभळी कार्डं, ३०० जीएसएमचा जाड कागद, आणि घडीची रेघ आधी दाबून न घेता तसंच दुमडलेलं. घडीवर रंग तडकला, आतला पांढरा कागद वरपासून खालपर्यंत नखाने ओरखडल्यासारखा दिसायला लागला. बाबांनी एक कार्ड उचललं, घडीवरून अंगठा फिरवला आणि न बोलता परत ठेवलं. रात्री २ वाजेपर्यंत ताई आणि मी जांभळ्या स्केचपेनने त्या रेघा भरत बसलो होतो. क्रीझिंगला नगामागे फार तर रुपया-दोन रुपये लागले असते.

४२ वाल्याने ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन (वरून बिनचकाकीचा पातळ प्लास्टिकचा थर), क्रीझिंग आणि एक प्रूफ, म्हणजे आधी दाखवायचा नमुना, असं सगळं लिहून दिलंय. माझं मत विचारशील तर त्याच्याकडेच दे. आणि भाव पाड म्हणण्याऐवजी साइज बदल. तुझं कार्ड उघडल्यावर १० बाय ७ इंच होतं. डिजिटलच्या १३ बाय १९ च्या कागदात अशी दोनच बसतात, बाकीची पट्टी कटिंगमध्ये जाते. तेच ९ बाय ६ केलंस तर चार बसतात. ६० कागदांचं काम ३० वर येतं, छपाई आणि लॅमिनेशनही तेवढ्यानेच कमी. कंदील एक इंचाने लहान झाला म्हणून ओवी रुसणार नाही, तिला आधी विचार मात्र.

प्रूफ मोबाइलवर पाहून हो म्हणू नकोस. त्याच कागदावर छापून, लॅमिनेशन करून माग आणि दिवसाउजेडी खिडकीत बघ. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर थोडा मंदावतोच, त्यासाठी त्याच्याशी भांडू नकोस. दिवाळी तोंडावर आली की सगळ्यांची मशीनं अडकतात, तेव्हा या आठवड्यातच फाइल दे. पाकिटं कार्डाच्या नव्या साइजची घे.

काकूंना नमस्कार. ओवीच्या कंदिलाचं एक कार्ड मला टपालाने पाठव.

तुझा,
मन्या