करार झाला, गस्तीचे काय?

महोदय,

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत २०३०पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखण्याचे ठरले. तेव्हापासून कोणत्या देशाने किती टक्के क्षेत्र जाहीर केले, याच्या बातम्या येत असतात. त्याच उद्दिष्टात परिणामकारक व्यवस्थापनाचीही अट आहे. तिच्याबद्दल फारसे कोणी विचारत नाही. मी वनरक्षक म्हणून भरती झालो, वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. जंगल राखायचे म्हणजे रोजची पायी गस्त, तारेचे फासे शोधून काढणे, उन्हाळ्याआधी जाळरेषा घेणे, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करणे. या कामाला पैसा आणि माणूस दोन्ही लागतात, आणि तेही दरवर्षी.

आसामातल्या मानस अभयारण्याचे उदाहरण घ्या. १९८५ साली ते जागतिक वारसा यादीत आले. पुढे अशांततेच्या काळात चौक्या उद्ध्वस्त झाल्या, वनरक्षक मारले गेले, गेंड्यांची शिकार झाली आणि १९९२ मध्ये युनेस्कोने मानसला धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत टाकले. पुढे तिथले गेंडे संपलेच. त्या यादीतून बाहेर पडायला २०११ उजाडले. मधल्या काळात शांतता करार झाला, स्थानिक बोडो तरुण गस्तीला उतरले, दुसरीकडून गेंडे आणून सोडले गेले. सीमेपलीकडे भूतानचे रॉयल मानस उद्यान आहे. वाघ आणि हत्ती दोन्हीकडे फिरतात. म्हणून दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावून वाघांचे फोटो एकमेकांशी ताडून पाहिले गेले. एकच वाघ दोनदा मोजला जाऊ नये, एवढ्या साध्या गोष्टीसाठीही दोन देशांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसावे लागते. सहकार्य म्हणतात ते मला यात दिसते.

याउलट अनुभव माझा स्वतःचा आहे. परदेशी मदतीच्या एका प्रकल्पातून आम्हाला कॅमेरे, वायरलेस संच आणि गाडी मिळाली. प्रकल्प होता तोवर काम उत्तम चालले. मुदत संपली, अहवाल छापला गेला, आणि बॅटऱ्यांना पैसे नाहीत म्हणून कॅमेरे कपाटात गेले. पाणवठा न् पाणवठा ठाऊक असलेले हंगामी वनमजूर दुसऱ्या कामाला लागले. कॅमेऱ्यांचे एक वेळ सोडा, पण ती माणसे गेल्याची हळहळ मला आजही वाटते.

यावर उपाय भूतानने करून दाखवला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी परदेशी मदतीतून कायमचा निधी उभारला आणि त्याच्या उत्पन्नातून संवर्धनाचा खर्च भागवायला सुरुवात केली. पुढे उद्यानांसाठी १४ वर्षांची वेगळी योजना आखली. तिच्यात देणगीदारांचा वाटा हळूहळू कमी होतो, सरकारचा वाढत जातो. ज्याला पुढे पगार द्यायचा आहे, त्याला तयारीला वेळ मिळतो. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात हे कसे जमणार?

माँट्रियलमध्ये विकसनशील देशांसाठी २०३०पर्यंत वर्षाला किमान ३० अब्ज डॉलर उभे करण्याचेही ठरले आहे. माझी मागणी एवढीच, की यातून संरक्षित क्षेत्रांसाठी होणाऱ्या प्रत्येक करारात पगार, दुरुस्ती आणि विम्याचा हिस्सा आधीच लिहिलेला असावा. काँगोतल्या विरुंगा उद्यानात आजवर २००हून अधिक रक्षक मारले गेले आहेत. त्यांच्यासारख्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला कोण, किती आणि किती दिवसांत देणार, हे सही होण्यापूर्वी ठरले पाहिजे.

आपला,
एक निवृत्त वनक्षेत्रपाल