बेंगळुरूची फुलं फ्लॉवर शोपुरती नाहीत

महोदय,

'बेंगळुरूला जायचं तर तिथल्या लालबाग उद्यानाचा फ्लॉवर शो गाठा' हा तुमच्या रविवार पुरवणीतला सल्ला वाचला आणि अजिबात पटला नाही. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये भरणाऱ्या त्या शोमध्ये फुलांपेक्षा माणसांचीच गर्दी जास्त, आणि ऑफिसच्या कामाने जाणाऱ्याला तारखा निवडायला कुठे मिळतात? खरं म्हणजे तिथे तारीख बघायची गरजच नाही, कारण 1908 मध्ये आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल यांनी वर्षभर आळीपाळीने काही ना काही फुलत राहील अशा हिशोबानेच या शहरात झाडं लावायला घेतली. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मीटिंग असली तर कब्बन पार्कच्या आसपास गुलाबी टॅबेबुया, मग जॅकरंडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, आणि हे सगळं रस्त्यावर, तिकीट वगैरे काही नाही. लालबागही सकाळी सहाला उघडते, 240 एकर आहे, सगळी होत नाही पण 1889 चं ग्लासहाऊस आणि बागेतला तो प्राचीन खडक बघून नाश्ता करून दहाच्या मीटिंगला आरामात पोचता येतं (ट्रॅफिकने दगा दिला नाही तर!). पुढच्या लेखात शोच्या तारखांऐवजी कोणत्या महिन्यात काय फुलतं ते छापा, आमच्यासारख्या कामावर फिरणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडेल.

– एक वाचक, ठाणे